हाडांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचे रक्त साठवणे: कोणी, केव्हा आणि कसे

गुडघा किंवा खुबा बदलण्याची तारीख ठरली की घरात रक्ताचा प्रश्न लगेच निघतो. किती बाटल्या लागतील, कोण देईल, आणि दुसऱ्याच्या रक्तातून एखादा आजार तर येणार नाही ना, अशी चर्चा सुरू होते. मराठवाड्यातील कुटुंबांपुढे यात आणखी एक अडचण असते. तालुक्याच्या गावाहून छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला रक्त देण्यासाठी धडधाकट माणसे नेणे, आणि तेही बीडकडची निम्मी गावे ऊसतोडीला बाहेर असताना किंवा मे महिन्याच्या उन्हात शिबिरे थंडावलेली असताना, फार जिकिरीचे होते. अशा वेळी रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवावे आणि शस्त्रक्रियेत तेच परत द्यावे, हा पर्याय कोणीतरी सुचवतो. वैद्यकात त्याला ऑटोलॉगस रक्तदान म्हणतात.

हा पर्याय खरा आहे, कायदेशीर आहे आणि काही रुग्णांसाठी तो अत्यंत मोलाचा आहे. परंतु सगळ्यांसाठी नाही. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करणारी औषधे आली आणि ही पद्धत मागे पडली. इंग्लंडसारख्या देशांत आज ती सरसकट सुचवली जात नाही. म्हणून रक्तपेढीत जाण्याआधी आपल्याला तिची गरज आहे का, हे ठरवावे लागते.

पहिला निर्णय: आपल्याला याची गरज आहे का?

सर्जनला पहिला प्रश्न असा विचारावा: ‘माझ्या शस्त्रक्रियेत साधारण किती रक्त जाते, आणि तुमच्याकडील अशा किती रुग्णांना प्रत्यक्ष रक्त चढवावे लागते?’ हिमोग्लोबिन चांगले असलेल्या रुग्णाच्या एका गुडघ्याचे रोपण आज बहुतेक वेळा रक्त न चढवता पार पडते. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलणे, आधी बसवलेला सांधा काढून नवा बसवणे, कण्याचा बाक सरळ करणे, कटीच्या हाडांची मोठी दुरुस्ती करणे अशा शस्त्रक्रियांत रक्ताची गरज पडण्याची शक्यता खरी असते. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांसाठी ही पद्धत नाही, कारण तिथे शस्त्रक्रिया लांबवणे हाच मोठा धोका असतो.

या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग ज्यांना जुळणारे रक्त मिळणेच कठीण आहे अशांना होतो. वारंवार रक्त घेतल्यामुळे किंवा गरोदरपणात शरीरात प्रतिपिंडे (परक्या रक्ताला विरोध करणारे घटक) तयार झाली असतील, तर गट जुळूनही क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे आणि दात्याचे रक्त एकत्र करून केलेली पडताळणी, जुळत नाही. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींचे उदाहरण तर सगळ्यात स्पष्ट आहे. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला हा गट साध्या तपासणीत ‘ओ’ भासतो. मात्र अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. ‘ओ गट असूनही क्रॉसमॅच जुळत नाही’ असे पूर्वी कोणी सांगितले असेल, तर ती चिठ्ठी जपून ठेवावी आणि सर्जनला अवश्य दाखवावी. निगेटिव्ह गट आपल्याकडे थोड्यांचा असला तरी मोठ्या शहरांतील रक्तपेढ्यांत तो आगाऊ मागणी केल्यास सहसा मिळतो. कोणत्या गटाचा साठा कुठे आहे, हे ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. म्हणजे केवळ निगेटिव्ह गट आहे एवढ्या कारणावरून स्वतःचे रक्त काढण्याची घाई करू नये.

‘मग मुलाचेच रक्त आईला द्या’ असा आग्रह घरोघरी होतो. सख्ख्या नातेवाइकाचे रक्त अधिक सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. जवळच्या रक्तसंबंधातील रक्तामुळे एक दुर्मीळ पण बहुधा प्राणघातक गुंतागुंत होऊ शकते, आणि ती टाळण्यासाठी त्या पिशवीवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. ती सोय सगळीकडे नसते. मुलाने रक्त द्यावेच, फक्त ते रक्तपेढीच्या साठ्यात जाऊ द्यावे.

कोणी रक्त काढू देऊ नये

नेहमीच्या रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम लागते. स्वतःसाठी रक्त देणाऱ्याला ११ ग्रॅम चालते, आणि ६५ वर्षांची वयोमर्यादाही आड येत नाही. परंतु ही सवलत आहे म्हणून हृदयाच्या रुग्णाने पुढे होऊ नये. छातीत वारंवार दुखणे, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, हृदयाची महाधमनीकडील झडप अरुंद असणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार (फेफरे), यांपैकी काहीही असल्यास रक्त काढणे धोक्याचे आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे रक्त काढल्यावर दाब एकाएकी उतरतो. त्यामुळे गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे आणि फिजिशियनचा लेखी होकार घ्यावा.

अंगात जंतुसंसर्ग असताना रक्त मुळीच देऊ नये. लघवीचा संसर्ग, किडलेल्या दाढेची सूज, पायावरची वाहती जखम, मागच्या काही दिवसांतील ताप किंवा हगवण हे सगळे आवर्जून सांगावे. रक्तात थोडे जंतू असले तरी रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, पण पिशवीत आठवडे राहिल्यावर त्यांतील काही जंतू थंडीतही वाढतात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी तेच विष परत शिरेत जाते. किनवट-माहूर पट्ट्यातील रुग्णांनी, किंवा कुटुंबात सिकलसेल (लाल पेशींचा आकार बिघडवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या कोणीही, सिकलसेलची तपासणी झालेली नसल्यास ती आधी करून घ्यावी. वाहक व्यक्तीचे, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या पण तो दोष अंगी असलेल्या व्यक्तीचे रक्त असे साठवणे सहसा टाळले जाते.

हिमोग्लोबिन: सगळ्यात आधीचे आणि सगळ्यात मोठे काम

माझ्या मते या संपूर्ण विषयात रुग्णाच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शस्त्रक्रियेची कल्पना येताच, म्हणजे तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी. भूल देण्यासाठी ‘फिट’ आहे का हे पाहण्यापुरती आदल्या दिवशी केलेली तपासणी या कामाला उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा हाती फक्त रक्त चढवणे एवढाच उपाय उरतो.

सांधेदुखीच्या रुग्णांमध्ये रक्त कमी असण्याचे एक कारण हमखास नजरेआड होते. वर्षानुवर्षे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरात बारीक व्रण होतात आणि त्यांतून थेंब थेंब रक्त जात राहते. पोट दुखेलच असे नाही. शौचाला डांबरासारखी काळी होते का, हे डॉक्टरांनी विचारले तर संकोच न करता सांगावे. मूळव्याध, अनवाणी शेतात काम करणाऱ्यांना होणारे अंकुशकृमी, पाळीच्या वयातील अति रक्तस्राव हीही कारणे असतात. माळकरी आणि पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते. पन्नाशीपुढील व्यक्तीत लोह कमी असण्याचे कारण सापडत नसेल, तर सांधा थोडा थांबू शकतो. आतड्याची तपासणी थांबू नये.

लोहाचा जमाखर्च एकदा समजून घ्यावा. ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर शरीरातून साधारण दीडशे मिलीग्रॅम लोह जाते. रोजच्या जेवणातून शरीरात मुरणारे लोह एक ते दोन मिलीग्रॅम असते आणि त्यातील बराच भाग रोजची झीज भरण्यातच जातो. अंबाडीची भाजी, बाजरीची भाकरी, हरभऱ्याचा पाला, अहळिवाचे लाडू हे सर्व जरूर खावे, जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असावा. परंतु गूळ-शेंगदाण्याने तीन आठवड्यांत पिशवी भरून निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि पित्ताची गोळी यांच्यासोबत ती घेतल्यास लोह मुरत नाही. सकाळच्या चहासोबत गोळी घेण्याची आपल्याकडची सवय इथे सगळ्यात घातक ठरते. गोळीने शौचाचा रंग काळसर होतो, त्याने घाबरू नये. गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील, तर शिरेतून देण्याच्या लोहाबद्दल विचारावे. ते मात्र रुग्णालयातच घ्यायचे असते.

तारखांची आखणी

रक्त काढण्याचा काळ शस्त्रक्रियेआधी साधारण तीन ते पाच आठवड्यांचा असतो. दोन पिशव्यांमध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवतात आणि शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी झालेली असावी लागते. प्रत्यक्षात ती दोन आठवडे आधीच उरकलेली बरी. सीपीडीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या पिशवीतील रक्त ३५ दिवस टिकते. लाल पेशी वेगळ्या करून विशेष द्रावणात ठेवल्यास ती मुदत ४२ दिवसांपर्यंत जाते. आपली पिशवी कोणत्या प्रकारची आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

समजा, २० जानेवारीला दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया आहे. पहिली पिशवी ३० डिसेंबरला, दुसरी ६ जानेवारीला काढली, तर पहिलीची मुदत ३ फेब्रुवारीला संपते. म्हणजे सर्दी-खोकल्याने, साखर वाढल्याने किंवा योजनेची मंजुरी रखडल्याने शस्त्रक्रिया दोन आठवड्यांहून अधिक पुढे गेली, तर ती पिशवी फेकावी लागेल आणि रुग्ण मात्र तेवढ्या रक्ताने उणा झालेला असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा विम्यातून शस्त्रक्रिया होणार असेल, तर मंजुरी हाती येईपर्यंत रक्त काढू नये, असे मी निक्षून सांगेन.

आता याच आखणीची दुसरी बाजू पाहावी. साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात सुमारे ३.९ लिटर रक्त असते. तिचे हिमोग्लोबिन १२.४ असेल, तर ३५० मिलिलिटर काढल्यावर ते साधारण ११.३ वर येते. आठवड्यात थोडे वर चढते आणि दुसऱ्या पिशवीनंतर साडेदहाच्या आसपास उतरते. गेलेले रक्त पूर्ण भरायला महिना ते दोन महिने लागतात, त्यामुळे ती टेबलावर जाते तेव्हा तिचे हिमोग्लोबिन जेमतेम ११ असते. रक्त काढलेच नसते तर ते १२.४ राहिले असते आणि बहुधा तिला कोणाच्याच रक्ताची गरज पडली नसती. स्वतःचे रक्त साठवणाऱ्यांना एकूण रक्त चढवण्याची वेळ अधिक येते, याचे कारण हेच आहे. दुर्मीळ गटाच्या रुग्णासाठी हा तोटा परवडतो. इतरांनी विचार करूनच पत्करावा.

दुसऱ्या पिशवीआधी हिमोग्लोबिन पुन्हा तपासलेच पाहिजे. ते ११ च्या खाली असेल तर एकाच पिशवीवर थांबावे.

रक्तपेढीची निवड आणि कागदपत्रे

प्रत्येक रक्तपेढीत ही सोय नसते, म्हणून आधी फोन करून विचारावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रक्तपेढ्या, म्हणजे संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील महाविद्यालये, यांपासून चौकशी सुरू करणे सोयीचे ठरते. सर्जनची लेखी विनंती लागते. तीत निदान, शस्त्रक्रियेची तारीख, किती पिशव्या आणि कोणत्या रुग्णालयात हव्यात हे नमूद असावे. रुग्णाची लेखी संमती घेतली जाते आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्या होतात. तपासणीत काही आढळले तर ते रुग्णाला खासगीत सांगितले जाते. म्हणून निरोप घेण्यासाठी शेजारच्याचा मोबाइल क्रमांक देऊ नये. रक्ताची किंमत कोणी घेऊ शकत नाही, पण प्रक्रियेचे शुल्क द्यावे लागते, आणि पिशवी वापरली गेली नाही तरी ते परत मिळत नाही.

नावाबाबत विशेष काटेकोर राहावे. आपल्याकडे आधारवर सुमनबाई, सासरी ठेवलेले नाव सुलोचना आणि दवाखान्याच्या कार्डावर नुसते ‘एस. बाई’ असा प्रकार नवा नाही. स्वतःचे रक्त असूनही चुकीच्या माणसाला चढवले जाण्याचा धोका अशाच ठिकाणी जन्म घेतो. आधारवरील पूर्ण नाव, वय आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक सर्व कागदांवर आणि पिशवीच्या लेबलवर अक्षरशः सारखे आहेत का, हे घरातील वाचता येणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहावे. लेबलवर रक्तगट, काढल्याची तारीख, मुदत आणि ‘फक्त स्वतःच्या वापरासाठी’ ही नोंद असावी.

रक्त काढण्याचा दिवस

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रोजा यांच्या उपवासात रक्त देऊ नये. दोन-तीन तास आधी सुशीला, उपमा किंवा भाजी-भाकरी असे साधे जेवण करावे, जवळजवळ अर्धा लिटर पाणी प्यावे. उन्हाळ्यात सकाळची वेळ मागून घ्यावी. वजन ४५ ते ५५ किलोच्या दरम्यान असेल तर सहसा ३५० मिलिलिटर, त्याहून अधिक असेल तर ४५० मिलिलिटरपर्यंत घेता येते. वजन यापेक्षा कमी असल्यास रक्तही त्या प्रमाणात कमी घेतले पाहिजे. प्रत्यक्ष रक्त निघायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. त्यानंतर लगेच उठू नये, पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे आणि काही खाऊनच निघावे.

वयस्कर रुग्णाला घेरी येते ती बहुधा रक्तपेढीत नाही, तर नंतर एसटी स्थानकावर उन्हात उभे असताना. म्हणून सोबत एक माणूस असावाच, रुग्णाने दुचाकी चालवू नये, आणि शक्य असल्यास त्या रात्री शहरातच नातेवाइकांकडे थांबावे. ज्या हातातून रक्त काढले त्या हाताने दिवसभर हंडा-घागर उचलू नये.

पिशवीचा प्रवास आणि शस्त्रक्रियेचा दिवस

रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेचे रुग्णालय वेगळे असेल, तर पिशवी आणण्याची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवावे. ती रुग्णालयाची असलेली उत्तम. नातेवाइकावर आली तर थर्मोकोलच्या किंवा तशाच बंद डब्यात बर्फाच्या पॅकसह आणावी, पण पिशवी थेट बर्फाला टेकू देऊ नये, कारण गोठलेल्या लाल पेशी फुटतात आणि ते रक्त निकामी होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटारसायकलला लटकवून आणलेले रक्त वापरूच नये. बाहेर अर्ध्या तासाहून अधिक राहिलेली पिशवी परत फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. घरच्या घरी गरम पाण्यात धरून ती कोमट करणे हाही असाच एक घातक उद्योग आहे. चढवायला घेतलेली पिशवी चार तासांत संपवावी लागते.

रक्त स्वतःचे असले तरी चढवण्याआधी रुग्णाचा आणि पिशवीचा गट पुन्हा पडताळला जातो. त्यासाठी पुन्हा नमुना मागितला तर नातेवाइकांनी कुरकुर करू नये.

शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी विचाराव्यात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणार आहात का, हा पहिला प्रश्न. हे स्वस्त औषध रक्तस्राव बराच कमी करते, आणि पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा फेफऱ्याचे झटके आले असतील तर ते सांगणे गरजेचे असते. दुसरा प्रश्न, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या. हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून करू नये. मणक्याच्या किंवा खुब्याच्या मोठ्या फेरशस्त्रक्रियेत काही मोठ्या रुग्णालयांत सांडलेले रक्त यंत्रात धुऊन परत देण्याची सोय असते, तिचीही चौकशी करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पिशवी तयार आहे म्हणून ती चढवलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. स्थिर रुग्णाला हिमोग्लोबिन साधारण ७ च्या खाली, आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत किंवा हृदयविकार असल्यास ८ च्या खाली गेल्यावर रक्त देण्याचा विचार होतो. हाच निकष स्वतःच्या रक्तालाही लागू आहे, कारण जंतुसंसर्ग, पिशव्यांची अदलाबदल आणि म्हाताऱ्या हृदयावर पडणारा द्रवाचा भार हे धोके त्यातही उरतातच. न वापरलेली पिशवी दुसऱ्या रुग्णाला दिली जात नाही. ती नियमानुसार नष्ट होते.

घरी सोडताना शेवटचे हिमोग्लोबिन किती होते ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे, लोहाच्या गोळ्या किती महिने चालू ठेवायच्या ते विचारावे आणि टाके काढल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी गावाजवळच्या प्रयोगशाळेत तपासणी करावी. आकडा वर चढत नसेल, चालताना धाप लागत असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल (गोळीमुळे नुसती काळसर नव्हे), तर फिजिओथेरपीच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.